शालिकरामाच्या मोटारीचा हिवताप

तिवस्याचा शालिकराम जगात दोनच माणसांना घाबरायचा. एक त्याचा बाप जानराव आणि दुसरी त्याची बायको मनकर्णा. त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं तर तो मुकाट्यानं मान हलवी आणि झालं नाही तर वावरात निघून जाई. मी त्याचा शेजारी, महादेवराव. त्याच्या वांग्याच्या वावराला लागून माझा झेंडूचा तुकडा. आमचं धुऱ्याच्या बांधावरून कधी भांडण झालं नाही, असं मी सांगतो तेव्हा लोक मला खोटारडा म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या काळी आमचा माल अमरावतीच्या इतवाऱ्यात जायचा तो बंडीनं. दिवस मावळता बैल जुंपायचे, रात्रभर बैलांच्या शेपट्या पाहत जायचं, उजाडताना बाजारात उतरायचं, माल विकायचा आणि परतताना बंडीतच झोपायचं. बैलांना रस्ता पाठ होता. घरी पोचलं की पुन्हा तोडणी, पुन्हा पाट्या भरा, पुन्हा जुंपा. शालिकरामाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण घरात ताटावर बसून जेवताना तो मनकर्णेला क्वचितच दिसे. विहिरीवर बाया नवऱ्याच्या कागाळ्या सांगायला लागल्या की ती म्हणायची, "माहा नवरा तं बैलायचा हाय बाई. मले नुसता उसना देतात."

मग अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याची जुनी मालमोटार विकायला निघाल्याचं कळलं. पुढं तिघांना बसता येईल अशी जागा, मागं उघडा हौदा, चाकांना बंडीसारखे लाकडी आरे. शालिकराम ती पाहून आला आणि दोन दिवस जेवला नाही. मनकर्णेनं हातातल्या पाटल्या उतरवून त्याच्यापुढं ठेवल्या. तो नाही म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "पाटल्यायसंग जेवता येत नाही. नवऱ्यासंग येते. जा, आना."

आम्ही दोघं ती आणायला गेलो होतो. अकोल्याहून मूर्तिजापूरवरून येताना शालिकरामानं तिला ताशी चाळीस मैलांवर नेली. मोटार अशी चालली की मी तंबाखूला चुना लावला आणि एक कणही सांडला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्याचा दोष अनेकांनी अकोल्यावर घातला.

जानरावांना मोटार पसंत नव्हती. ते बैलांचे माणूस. त्यांचा आवडता बैल चांद्या त्याआधीच्याच हिवाळ्यात गेला होता, आणि त्याचा जोडीदार बाशिंग्या गोठ्यात एकटाच उभा राहून खाल्ल्यासारखं करायचा. मोटार दारात आली, मनकर्णेनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. जानराव लांब उभे. सगळे गेल्यावर ते मोटारीभोवती बैल पारखतात तसे फिरले, चाकांवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "महादेवा, जिले शेपूट नाही तिचा भरोसा नाही."

पण सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. शालिकराम पहाटे निघे आणि दुपारच्या जेवणाला घरी असे. सासरा, नवरा आणि सून अशी तिघं एका वेळी जेवतात, हे पाहायला शेजारच्या बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या. मनकर्णा भाकरी वाढताना उगाचच गाणं गुणगुणायची. जानराव म्हणायचे, "मीठ कमी हाय," आणि आणखी एक भाकरी मागायचे.

आणि मग मोटार थरथरायला लागली.

पहिल्यांदा ते कळलं ते मोझरीच्या पुढच्या सरळ रस्त्यावर. काटा चाळीसवर गेला आणि शालिकरामाच्या हातातलं स्टेअरिंग हिवताप भरल्यासारखं कापायला लागलं. वेग कमी केला की ताप उतरे, वाढवला की पुन्हा चढे. घरी येऊन त्यानं जेवताना हे सांगितलं. जानरावांचा घास हातातच राहिला. "मी सांगतलं होतं," एवढंच ते म्हणाले.

अमरावतीत नत्थुजी म्हणून मिस्त्री होते. मोठे भाविक माणूस. मोटारीखाली शिरण्याआधी तिला नमस्कार करायचे आणि निघाल्यावर पुन्हा करायचे. त्यांनी मोटारीखालचे स्प्रिंगचे पाटे तपासले, बोल्ट आवळले आणि सांगितलं, "आता जा. लोन्यावानी चालन." शालिकराम गेला. आता ती पस्तीसवरच कापायला लागली.

पुन्हा नत्थुजी. त्यांनी पुढचे टायर बदलले. त्या मोटारीचा टायर लोखंडी कड्यासकट निघायचा आणि लाकडी चाक जागेवरच राहायचं, त्यामुळे काम लवकर झालं. "टायरच होता," नत्थुजी म्हणाले, "माह्या ध्यानात पहिलेच आलं होतं." पहिल्यांदाच ध्यानात आलं होतं तर पाटे कशाला आवळले, हे मी विचारलं, तर ते हात धुवायला गेले. येताना मोटार तिशीच्या जरा वर थरथरली.

म्हणजे औषध द्यावं आणि रोग वाढावा, असं चाललं होतं. गावात तर जो तो वैद्य झाला. भगवंतराव पाटील म्हणाले, अकोल्याच्या मोटारीला अमरावतीचं पाणी मानवत नाही. कुणी म्हणालं, सगळी वांगी एका बाजूला भरता म्हणून होतं. कुणी म्हणालं, झेंडू वर ठेवता, खाली ठेवा. मी माझा झेंडू खाली ठेवला. त्याचा लगदा झाला आणि मोटार थरथरत राहिली. भेदरांची तर दैनाच. तिवस्याला लाल टमाटर भरावेत आणि इतवाऱ्यात चटणी उतरवावी. गिऱ्हाईक विचारायचं, "फोडनी देऊन आनलं का बावा?"

वेग कमी ठेवावा तर बाजार उठायच्या वेळी पोचायचं आणि घरी यायला संध्याकाळ. दुपारचं ताट पुन्हा झाकून राहायला लागलं. मनकर्णेचं गाणं बंद झालं.

एक दिवस पावसाची भुरभुर असताना शालिकराम परत आला तो पांढरा फटक. मोटार तिशीतच अशी हादरली होती की स्टेअरिंग हातातून सुटलं आणि ती रस्ता सोडून काळ्या चिखलात जाऊन उभी राहिली. कुणाला लागलं नाही. चिखलानं मात्र चारी चाकं बरबटून गेली. त्यानं ओसरीवर बसून हे सांगितलं. जानराव उठले, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग दारात उभं राहून म्हणाले, "पोया पाच-सात दिवसावर आला. पोयाले मोटार बरी नाही झाली तं अकोल्याले वापस. जिनिंगवाल्याशी मी बोलतो. नवा बैल आनू बाशिंग्याच्या जोडीले."

"बाबा, पन..."

"पन नाही अन् बिन नाही. जित्ता राह्यला तं वांगे विकशीन."

शालिकराम नेहमीप्रमाणे वावरात जाईल असं मला वाटलं. तो मोटारीत जाऊन बसला. बंद मोटारीचं स्टेअरिंग धरून, समोर पाहत. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "महादेवराव, आता पुन्हा शेपट्याच पाहाच्या का?" मी दाराला टेकून उभा राहिलो. धडधाकट माणूस, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता. मला फार वाईट वाटलं.

पोळ्याच्या आदल्या सकाळपर्यंत काहीच झालं नाही. नत्थुजींना निरोप गेला होता. ते सर्व्हिस मोटारीनं तिवस्याला येणार होते, शेवटचा इलाज म्हणून सगळा पुढचा भाग खोलायला. त्याआधी मनकर्णेनं पदर खोचला.

"तुमच्या हातात काय कापते?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"स्टेअरिंग."

"अन् बुडाखाली?"

"बुडाखाली नाही."

"मंग रोग पुढच्या चाकायत हाय. बाकी ठिकानी काहून शोधाचं? उचला पुढून."

शालिकरामानं मोटारीचं पुढचं अंग जॅकनं उचलून खाली लाकडाचे ओंडके दिले. दोन्ही पुढची चाकं अधांतरी झाली. मनकर्णेनं डावं चाक हातानं फिरवलं. ते फिरलं, हळू झालं, थांबलं. पुन्हा फिरवलं, दुसरीकडंच थांबलं. मग उजवं फिरवलं. ते हळू झालं, थांबतंय असं वाटलं, आणि पाळण्यासारखं मागं-पुढं झुलून मग स्थिर झालं. तिनं खालच्या आऱ्यावर कोळशानं खूण केली. पुन्हा फिरवलं. झुलून झुलून खूण पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच.

मनकर्णा माहेरी लहानपणापासून बाजारात भाजी तोलत आलेली. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवो, या चाकाचं पारडं पडेल हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे तागडीचं एक पारडं जड असलं तं ते खालीच जाते ना? तसंच. या अंगाले कायचं तरी वजन हाय. हळू चालन तं कळनार नाही. जोरात फिरन तं हादरे देईनच."

मी चिखल असेल म्हणालो. चिखल होताच. तिनं खुरप्यानं आतल्या बाजूनं तो खरवडला. काळ्या मातीचं ढेकूळ निघालं आणि त्याच्या आत, आऱ्याला तारेनं करकचून बांधलेलं काळं गाठोडं दिसलं. तिनं खुरप्याचं टोक तारेखाली घातलं.

"हात लावू नको!"

जानराव ओसरीवरून असे ओरडले की बाशिंग्यानं गोठ्यात मान वर केली. काठी न घेताच ते धावत आले आणि चाकापुढं उभे राहिले, वळूच्या पुढं उभं राहावं तसे.

"मामाजी, हे तुमी बांधलं?" मनकर्णेनं विचारलं.

 शालिकराम खाली बसून गाठोडं चाचपत होता. "बाबा, याच्यात लोखंड हाय. काय हाय हे?"

"चांद्याच्या पत्र्या हायेत," जानराव जमिनीकडं पाहत म्हणाले. बैलाच्या खुराला मारतात त्या लोखंडी पत्र्या. झिजल्या की नालबंद नव्या मारायचा आणि जानराव जुन्या एका डब्यात ठेवायचे. "चांद्या कधी अडकला नाही, कधी पडला नाही. पुरातून तुले पाठीवर बसवून घरी घेऊन आलता तो. तुले आठवत नाही, तू तापात बेसुद होता. म्हनलं, बिनशेपटीच्या जनावराले त्याचा थोडा गुन तरी लागन."

"अन् येवढं मोठं गाठोडं?"

"थोडे दिवस झाले, तू जोरात हाकाले लागला, तवा पहिले एका पायाच्याच बांधल्या होत्या. तू म्हनला, मोटार कापून राह्यली. म्हनलं, एका पायानं काय होते? दुसऱ्या पायाच्या बांधल्या. मंग तू म्हनला, वाढलं. तं तिसऱ्या पायाच्या." ते थांबले. "त्या दिवशी तू चिखलात गेला, तवा चौथ्याच्या, अन् कोनाले दिसू नये म्हून वरून चिखल लेपला."

आम्ही तिघं एकमेकांकडं पाहायला लागलो. पहिलं हसू मनकर्णेला फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी ते थांबेना. मग मला. आणि शालिकराम चाकाला टेकून असा हसला की ते चाक पुन्हा फिरलं आणि गाठोडं पुन्हा खाली आलं. इतकी औषधं झाली, आणि दर खेपेला रोगाचा एक एक पाय शालिकरामाच्या बापानंच आणून बांधला होता.

जानराव हसले नाहीत. गोष्ट त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होती, आणि ती येताना त्यांचा चेहरा मला पाहवेना. "म्हंजे यानंच कापत होती?" त्यांनी सुनेला विचारलं. तिनं मान हलवली. "तो चिखलात गेला, तो माह्यानं?"

मनकर्णा खुरप्याचं टोक पदरानं पुसत राहिली. 

तेवढ्यात नत्थुजी पिशवी घेऊन पोचले. शालिकरामानं त्यांना गाठोडं दाखवलं. नत्थुजींनी आधी त्याला नमस्कार केला, मग म्हणाले, "हे व्हय? हे तं मी पहिल्याच दिवशी पाह्यलं होतं."

"अन् बोलले नाही?"

"आता कोनाच्या देवाधर्माले हात कोन लावन बावा? मी टायर काढताना त्याले चिंधी गुंडाळून ठेवली होती, तेल लागू नये म्हून."

मी आयुष्यात बरेच शहाणे पाहिले, पण सारी मोटार खोलून रोगाचं गाठोडं तेवढं सोवळ्यात ठेवणारा हा एकच.

आता प्रश्न उरला तो पत्र्यांचा. जानराव खाली बसले होते. "काढून टाक," ते म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले तो ऐकून शालिकराम तारेला हात लावेना. दोघं बाप-लेक त्या गाठोड्याकडं पाहत बसले. मोटार राहायची तर पत्र्या निघायला हव्या होत्या आणि पत्र्या काढायच्या तर म्हाताऱ्याच्या छातीतलं काहीतरी उपसून निघणार होतं, हे मलासुद्धा दिसत होतं.

मनकर्णा घरात गेली आणि तागडी घेऊन आली.

"तागडीचं एक पारडं जड झालं तं आपुन तागडी फेकत नाही," ती म्हणाली. "हलक्या पारड्याले पासंग बांधतो. मामाजी, बाशिंग्याच्या जुन्या पत्र्या हायेत ना डब्यात?"

जानरावांनी वर पाहिलं. ते उठले ते तरण्या माणसासारखे. डबा आला. एका पारड्यात चांद्याचं गाठोडं, दुसऱ्यात बाशिंग्याच्या पत्र्या. बाशिंग्या जरा थोराड, त्याच्या जास्त भरल्या. मनकर्णेनं एक काढली, एक झिजकी टाकली, काटा मध्ये आला. भाजी तोलताना ती इतकी काटेकोर नसायची, हे मी शेजारी म्हणून सांगू शकतो. मग चांद्याचं गाठोडं जिथं होतं तिथंच परत गेलं आणि दुसरं बरोबर समोरच्या आऱ्यावर, आसापासून तेवढ्याच अंतरावर बांधलं. चाक फिरवलं. ते हवं तिथं थांबलं. पुन्हा फिरवलं, भलतीकडंच थांबलं.

"पाह्यलं?" जानरावांची छाती फुगली. "एकट्या बैलानं बंडी वढली का कधी? जोडीच पायजे होती. माहं तेवढंच चुकलं." दोष गेला, मान राहिला. नत्थुजींनी दोन्ही गाठोड्यांना नमस्कार केला.

"आता रस्त्यावर पाहू," शालिकराम म्हणाला.

"मी बसतो," जानराव म्हणाले.

आम्हाला वाटलं, चुकून ऐकलं. आजवर त्यांनी मोटारीच्या पायरीवरही पाय ठेवला नव्हता. पण ते डोक्याचं पागोटं घट्ट करून मध्यभागी जाऊन बसलेसुद्धा. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला सून. मी आणि नत्थुजी मागं हौद्यात उभे, पुढच्या खिडकीतून डोकावत. मनकर्णेनं पितळी गडवा पाण्यानं काठोकाठ भरून जानरावांच्या हातात दिला. "सांडलं तं रोग हाय, नाही सांडलं तं नाही," ती म्हणाली.

मोटार नागपूर-अमरावती रस्त्याला लागली. वीस. पंचवीस. तीसला शालिकरामाचा श्वास थांबलेला मागून कळत होता. स्टेअरिंग शांत. पस्तीस. त्यानं हळूच वळून गडव्याकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पाणी सांडत होतं. चाळीसवर तर ते काठावरून जानरावांच्या धोतरावर यायला लागलं.

"कापून राह्यली," तो पुटपुटला. "अजून कापून राह्यली."

मनकर्णेनं सासऱ्याच्या हातातून गडवा काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. पाणी स्थिर झालं. मोटार चाळीसवरच होती.

तेव्हा आम्ही सगळ्यांनी जानरावांच्या हातांकडं पाहिलं. रिकामे हात ओल्या धोतरावर पडले होते आणि थरथर कापत होते. त्यांनी ते धोतराच्या निऱ्यांत लपवायला पाहिलं, पण लपेनात.

"मोटारीले काई झालं नाही बापू," ते समोर पाहतच म्हणाले. "ते माहं हाय. तू पहाटे गेला का वापस येईलोक मले असंच होते. रोजच होते. बंडी होती तवा बी होत होतं."

 शालिकरामाचे डोळे भरले होते, आणि मोटार चालवताना डोळे भरणं चांगलं नाही, म्हणून मी मागून खाकरलो. त्यानं पाय उचलला. काटा चाळीसवरून तीसवर आला, तिसावरून विसावर, मग दहावर. जानरावांचे हात हळूहळू निऱ्यांमधून बाहेर आले.

बरी झालेली, लोण्यासारखी चालणारी मोटार आम्ही अमरावतीपर्यंत दहाच्या वर नेली नाही. नांदगावपेठेच्या जवळ एक सायकलवाला मागून आला, आम्हाला ओलांडून पुढं गेला आणि वळून हसला. शालिकरामानं त्याला जाऊ दिलं.